अँडरसन पदकाचा इतिहास : एका पुस्तकापासून एका आयुष्यापर्यंत

मुलांसाठी लिहिणाऱ्या आणि चित्रं काढणाऱ्यांना जगात जो सर्वांत मोठा सन्मान मिळतो, त्या हान्स ख्रिश्चन अँडरसन पदकाविषयी आज बोलायचं आहे. लोक त्याला 'छोटं नोबेल' म्हणतात. पण नोबेलसारखी रक्कम इथे नाही. एक सुवर्णपदक आणि एक मानपत्र, बस्स. तरीही त्याचं वजन एवढं का, हे कळायला पदकाच्या दहा वर्षं मागे, 1946 च्या म्युनिकमध्ये जावं लागतं.

येला लेपमान ही स्टुटगार्टची ज्यू पत्रकार, जन्म 1891 चा. नवरा लवकर गेला, पदरात दोन मुलं. नाझी सत्तेवर आले, ज्यू म्हणून नोकरी गेली, आणि 1936 मध्ये तिने इंग्लंड गाठलं. युद्ध संपल्यावर, 1945 मध्ये, ती अमेरिकन सैन्याच्या गणवेशात जर्मनीत परतली. काम होतं स्त्रिया आणि मुलांच्या प्रश्नांवर सल्ला देण्याचं. आता बघा, ज्या देशाने आपल्याला हाकललं, त्याच देशातल्या मुलांसाठी काय करायचं हे तिला ठरवायचं होतं.

शहरं ढिगाऱ्यात, खायला अन्न नाही, राहायला छप्पर नाही. अशा वेळी तिने मागितली पुस्तकं! वीस देशांना पत्रं धाडली, की तुमच्याकडची उत्तम बालपुस्तकं प्रदर्शनासाठी पाठवा. युद्धाचा दोष मुलांच्या माथी नाही, असा तिचा युक्तिवाद होता. बेल्जियमने आधी नकार दिला. रागही रास्तच होता, कारण जर्मन सैन्य त्यांच्या देशात दोनदा घुसलं होतं. लेपमानबाईंनी परत लिहिलं. आशय असा, की नव्याने सुरुवात व्हावी याची गरज तर सगळ्यांत जास्त तुम्हालाच असायला हवी. बेल्जियमची पुस्तकं आली.

3 जुलै 1946 ला प्रदर्शन उघडलं, ते 'हाउस डर कुन्स्ट'मध्ये. ही इमारत नाझींनीच 'जर्मन कले'साठी बांधली होती, 1937 मध्ये तिचं उद्घाटन झालं होतं. आता तिथे शत्रुदेशांची चित्रपुस्तकं मांडलेली होती. त्याच वर्षीच्या नाताळात मुलांना वाटण्यासाठी बाईंनी फर्डिनांड नावाच्या बैलाची गोष्ट स्वतः जर्मनमध्ये आणली. झुंजायला नको म्हणणारा, फुलांचा वास घेत बसणारा हा बैल. वर्तमानपत्राच्या कागदावर तिच्या 30,000 प्रती छापल्या गेल्या.

पुढचं सगळं यातूनच आलं. 1949 मध्ये म्युनिकला आंतरराष्ट्रीय बालग्रंथालय सुरू झालं. 1953 मध्ये झुरिकला आंतरराष्ट्रीय बालपुस्तक मंडळ, म्हणजे 'इब्बी', स्थापन झालं. आणि 1956 मध्ये या मंडळाने पहिलं अँडरसन पदक दिलं, इंग्लंडच्या एलिनॉर फार्जन यांना. 1958 मध्ये स्वीडनच्या अ‍ॅस्ट्रिड लिंडग्रेन. 1960 मध्ये जर्मनीचे एरिश केस्टनर.

केस्टनरपाशी जरा थांबू या. 10 मे 1933 ला बर्लिनमध्ये पुस्तकं जाळली गेली, त्यात केस्टनर यांचीही होती, आणि ते स्वतः गर्दीत उभं राहून ते पाहत होते. त्याच माणसाला सत्तावीस वर्षांनी जगभरातल्या बालसाहित्यिकांच्या संस्थेने पदक दिलं. हे पदक कुठल्या मातीतून आलं, ते एवढ्यावरून कळतं.

आता एक महत्त्वाचा बदल. पहिली तीन पदकं एकेका पुस्तकासाठी होती. 1962 पासून पदक लेखकाच्या एकूण कामासाठी दिलं जाऊ लागलं. असं पहिलं पदक अमेरिकेच्या माइंडर्ट डियाँग यांना मिळालं. वरवर हा नियमातला बदल, पण विचार मोठा आहे. मोठ्यांसाठी दहा पुस्तकं लिहायची आणि मध्येच गंमत म्हणून मुलांसाठी एखादं, असं आपल्याकडेही चालतंच. नवा नियम विचारतो, की तुम्ही या कामाला आयुष्य दिलंत का?

दुसरा बदल 1966 चा. त्या वर्षापासून चित्रकाराला वेगळं पदक सुरू झालं. पहिला मान स्वित्झर्लंडच्या अलोइस कारिजिएट यांचा. म्हणजे चित्रकाराला दहा वर्षं थांबावं लागलं. ज्या लहान मुलाला अजून वाचता येत नाही, ते पुस्तक वाचतं कशावर? चित्रांवरच ना! तरी आपल्याकडच्या कित्येक पुस्तकांत चित्रकाराचं नाव आतल्या पानावर बारीक टायपात सापडतं. म्हणून हे दुसरं पदक मला पहिल्याइतकंच महत्त्वाचं वाटतं.

आता थोडी अडचणीची बाजू. पद्धत अशी, की दर दोन वर्षांनी प्रत्येक देशाची शाखा एक लेखक आणि एक चित्रकार सुचवते, आणि वेगवेगळ्या देशांतले परीक्षक निवड करतात. आशियाकडे बघा. चित्रकाराचं पदक 1974 मध्येच इराणच्या फर्शिद मेस्गाली यांच्याकडे आलं. लेखकाचं पदक आशियात यायला मात्र 1994 उजाडलं. ते जपानचे कवी मिचिओ मादो. मध्ये वीस वर्षं गेली. माझ्या मते याचं एक कारण अगदी साधं आहे: चित्राला भाषांतर लागत नाही, कवितेला लागतं. मादोंच्या कविता इंग्रजीत नेल्या त्या जपानच्या तेव्हाच्या सम्राज्ञी मिचिको यांनी. ते पुस्तक आलं 1992 मध्ये, आणि दोन वर्षांनी पदक.

आपली इब्बी शाखा आहे. व्यंगचित्रकार शंकर यांनी 1981 मध्ये सुरू केलेली लेखक-चित्रकारांची संघटना ते काम बघते. पण 2024 पर्यंत एकाही भारतीयाचं नाव विजेत्यांत नाही. मराठीत मुलांसाठी आयुष्य देणारी माणसं नव्हती का? भा. रा. भागवत होते. 'बालमित्र' चालवलं, फास्टर फेणे दिला, पिढ्या वाढवल्या. मराठी न येणाऱ्या परीक्षकाने ते कसं वाचायचं?

गंमत म्हणजे उलट्या दिशेने पूल कधीचाच बांधून झालाय. अँडरसनची कुरूप पिल्लाची गोष्ट, 1843 ची. गदिमांच्या गाण्यातून ती मराठी घराघरात पोचली, इतकी की ती डेन्मार्कहून आली हे गाणाऱ्याच्या ध्यानीही नसतं. आपण घेतलं भरपूर. पाठवलं किती?

आशेची एक खूण सांगतो. 2016 मध्ये टाटा ट्रस्ट्सच्या पुढाकाराने 'बिग लिटल बुक अवॉर्ड' सुरू झाला. तोही एक लेखकाला, एक चित्रकाराला, एकूण कामासाठी. पहिल्या वर्षी लेखनासाठी भाषा होती मराठी. मान मिळाला माधुरी पुरंदरे यांना, आणि चित्रांसाठी अतनु रॉय यांना. पुरंदरे तर आपल्या पुस्तकांची चित्रंही स्वतः काढतात.

लेपमानबाईंनी आपल्या आठवणींच्या पुस्तकाला नाव दिलं होतं 'बालपुस्तकांचा पूल'. पुलावरून दोन्ही बाजूंनी ये-जा व्हावी लागते. तेव्हा पुढचं मराठी बालपुस्तक हातात घ्याल, तेव्हा दोन गोष्टी बघा. चित्रकाराचं नाव कुठे छापलंय, आणि ते पुस्तक दुसऱ्या कुठल्या भाषेत गेलंय का. गेलं नसेल, आणि तुमच्यापैकी कुणाला दुसरी भाषा चांगली येत असेल, तर काम तुमची वाट बघतंय. आता प्रश्न घेऊ या.