पगडी उतरली, पदर राहिला

वर्धा आणि वैनगंगा या दोन नद्यांच्या बेचक्यात वसलेला आपला गोंडपिपरीचा मुलूख धानाचा आहे. पावसाने जोर धरून बांध्यांत रोवणी सुरू झाली म्हणजे आपल्या आया-आज्या लुगडे गुडघ्यापर्यंत खोचून चिखलात उतरत आणि दिवस मावळेपर्यंत ओणव्याने काम करीत. त्यांच्या त्या वेशास कोणी अमर्याद म्हटले नाही. जसे काम तसा वेश, हा न्याय शेतात सर्वांस मान्य होता. परंतु त्याच आजीची नात शिकली, शिक्षिका किंवा परिचारिका झाली आणि सायकलवर बसणे सोयीचे म्हणून सलवार-कुडता घालू लागली, तेव्हा मात्र घराण्याच्या अब्रूचा प्रश्न उभा राहिला. चिखलात जो न्याय चालला तो कचेरीच्या पायरीशी का थांबला, याचा विचार आम्ही या लेखात करणार आहोत.

प्रथम पुरुषांच्या वेशाचा इतिहास पाहू. पुरुषाने उघड्या डोक्याने चारचौघांत जाणे एके काळी अशुभ मानीत. पुढे पगडी जाऊन टोपी आली, धोतराच्या जागी पाटलोण आली आणि अखेर टोपीही गेली. इतके बदल झाले, पण त्यासाठी एकाही ज्ञातीने सभा भरवून शोक केल्याचे आमच्या ऐकिवात नाही. उलट कोट-पाटलोण हे विद्येचे आणि पगाराचे लक्षण ठरले. ही विसंगती प्रथम निर्भीडपणे उघड करणाऱ्यांत वऱ्हाडातील बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांची गणना केली पाहिजे. १८८२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘स्त्री-पुरुष तुलना’ या पुस्तकात त्यांनी पुरुषांना स्पष्ट विचारले की, साहेबाचा पोशाख आणि खाणेपिणे तुम्ही खुशाल उचलता, मग धर्म सांभाळण्याचा भार एकट्या स्त्रीवर का?

पुढच्याच वर्षी या प्रश्नाचे प्रत्यक्ष उदाहरण घडले. आनंदीबाई जोशी वैद्यकीय शिक्षणासाठी अमेरिकेस निघाल्या. जाण्यापूर्वी, २४ फेब्रुवारी १८८३ रोजी, बंगालमधील श्रीरामपूर येथे त्यांनी भाषण केले. आपण हिंदू म्हणूनच जाऊ आणि हिंदू म्हणूनच परत येऊ, आपला आहार व वेश बदलणार नाही, अशी ग्वाही त्यांना त्या सभेत द्यावी लागली. त्यांचे वय त्या वेळी अठरा वर्षांचेही नव्हते. विलायतेस गेलेल्या पुरुषांनाही समुद्रपर्यटनाबद्दल प्रायश्चित्त घ्यावे लागे, हे खरे. पण प्रायश्चित्त झाले की ते सूट घालून कचेरीत जाण्यास मोकळे असत. तुम्ही तेथे धोतरच नेसाल ना, असे त्यांना निघताना कोणी विचारले नाही. आनंदीबाईंनी दिलेला शब्द पाळला. फिलाडेल्फियाच्या कडाक्याच्या थंडीतही त्यांनी साडी सोडली नाही. ११ मार्च १८८६ रोजी त्या डॉक्टर झाल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी क्षयाने त्यांचा अंत झाला. त्या निर्धारापुढे आम्ही नतमस्तक होतो. परंतु ती ग्वाही मागणाऱ्या समाजाचे कौतुक आम्हांस करवत नाही.

याहून अधिक विचार करावयास लावणारी हकीकत डॉ. रखमाबाईंची आहे. अकराव्या वर्षी लावून दिलेले लग्न त्यांनी पुढे मानले नाही. पती दादाजी भिकाजी यांनी मुंबईच्या उच्च न्यायालयात दावा लावला. १८८७ साली, नांदावयास जा नाहीतर तुरुंगात जा, असा निकाल झाला, तेव्हा तुरुंग पत्करू पण जाणार नाही, असे या बाईंनी बाणेदारपणे सांगितले. १८८८ साली पैसे देऊन तडजोड झाली. नंतर लंडनला शिकून त्या डॉक्टर झाल्या आणि सुरत व राजकोट येथे त्यांनी दीर्घकाळ स्त्रियांची शुश्रूषा केली. १९०४ साली दादाजी वारले. ज्याच्या घरी त्या एक दिवसही नांदल्या नाहीत, त्याच्या मृत्यूनंतर रखमाबाई विधवेची पांढरी साडी नेसू लागल्या. तसा हुकूम कोणत्याही न्यायालयाने दिला नव्हता. रूढीला हुकूमनाम्याची गरज नसते. पत्नी वारली म्हणून एखाद्या डॉक्टराला कोटाचा रंग बदलावा लागला, असे मात्र आम्ही कधी ऐकले नाही.

या इतिहासाचे सार आमच्या मते एवढेच आहे: नोकरदार पुरुषाचा वेश त्याचा हुद्दा सांगतो, नोकरदार स्त्रीच्या वेशाने मात्र तिचे लग्न, तिचे घर आणि तिची जात सांगावी, अशी अपेक्षा असते. म्हणून पुरुषाचा वेश बदलला तर ती प्रगती ठरते आणि स्त्रीचा बदलला तर तो अधःपात ठरतो.

१५ मार्च २०२४ रोजी महाराष्ट्र शासनाने शिक्षकांच्या पोशाखाविषयी निर्णय काढला. जीन्स आणि टी-शर्ट दोघांनाही वर्ज्य केले. पुरुषांना शर्ट-पँट, तर स्त्रियांना साडी अथवा सलवार-कुडता सांगितला, आणि त्यावर दुपट्टाही. नियम दोघांनाही लागू आहेत, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण दुपट्ट्याच्या जोडीचे वस्त्र पुरुषाच्या यादीत शोधून सापडत नाही. दुसरीकडे आपल्याच जंगलातील वनरक्षक भगिनी पाहा. त्यांचा खाकी गणवेश पुरुष सहकाऱ्यांसारखाच आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये ताडोबात कर्तव्य बजावीत असताना एक महिला वनरक्षक वाघाच्या हल्ल्यात मृत्यू पावली. त्या दिवशी तिच्या पदराची चौकशी कोणी केली नाही. कामाची जोखीम जर समान आहे, तर वेशाची मोकळीक विषम का असावी?

आता थोडे आपल्या घरात पाहू. ज्ञातिसंस्थांच्या परिचय-पुस्तिका उघडा. उपवर मुलाचे छायाचित्र कोटातले असते किंवा साध्या शर्टातले, दोन्ही चालतात. उपवधू अभियंता असो की डॉक्टर, तिचे छायाचित्र साडीतलेच हवे, असा आग्रह असतो. तिचा पगार आपल्याला हवा, पण ज्या वेशात ती तो मिळविते तो वेश नको! साडी सुंदर आहे, ती आनंदाने नेसणाऱ्या भगिनींविषयी आम्हांस आदरच आहे. आमचा आक्षेप साडीला नाही, सक्तीला आहे.

म्हणून आमची एवढीच नम्र सूचना आहे की, यापुढे छायाचित्र कोणत्या वेशात द्यावे, हे ज्या मुलीचे छायाचित्र आहे तिच्यावरच सोपवावे. यास पैसा लागत नाही, ठराव लागत नाही. बांधीत उतरणाऱ्या आजीला जो न्याय आपण विनातक्रार दिला, तोच तिच्या नातीला द्यावयाचा आहे. इत्यलम्.