कॅलिफोर्निया प्रस्ताव ८ : मतदानाचा भौगोलिक व सामाजिक कल

अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात ४ नोव्हेंबर २००८ रोजी झालेले सार्वमत. विवाह केवळ स्त्री-पुरुषांमधीलच ग्राह्य मानणारी ही घटनादुरुस्ती सुमारे ५२ टक्के मतांनी संमत झाली. त्याच दिवशी अध्यक्षीय निवडणुकीत डेमोक्रॅटिक पक्षाच्या बराक ओबामांना राज्यात सुमारे ६१ टक्के मते पडली; म्हणजे केवळ पक्षनिष्ठेवरून या निकालाचा उलगडा होत नाही.

सॅन फ्रान्सिस्कोत सुमारे तीन-चतुर्थांश मते विरोधात, तर अंतर्भागातील शेती व तेलाच्या कर्न काउंटीत जवळपास तेवढीच बाजूने पडली. तरीही समुद्रकिनारा विरुद्ध अंतर्भाग अशी सरळ विभागणी करता येत नाही. किनाऱ्यावरच्या ऑरेंज व सॅन डिएगो काउंटींनी प्रस्ताव उचलून धरला आणि लॉस एंजेलिसमध्येही तो निसटत्या फरकाने सरस ठरला.

मतदानोत्तर चाचणीत कृष्णवर्णीयांचा पाठिंबा ७० टक्के दिसला आणि प्रस्तावाच्या विरोधकांच्या पराभवाचे खापर त्यांच्यावर फोडले गेले. हे अन्यायाचे होते. राज्यशास्त्रज्ञ पॅट्रिक ईगन व केनेथ शेरिल यांच्या २००९ च्या विश्लेषणात हा आकडा ६० टक्क्यांच्या आत आला. धार्मिक स्थळी नियमित जाण्याचे प्रमाण लक्षात घेतल्यावर वांशिक तफावत बरीच ओसरली. मताचा कल ठरवण्यात पक्ष, विचारसरणी, धर्माचरण आणि वय हे घटक वंशापेक्षा प्रभावी होते. तरुण बहुसंख्येने विरोधात, वृद्ध बाजूने होते.

न्यायालयीन लढ्यानंतर २०१३ मध्ये राज्यात, या दुरुस्तीमुळे थांबलेले समलिंगी विवाह पुन्हा सुरू झाले. २०२४ मध्ये मतदारांनी प्रस्ताव ३ संमत करून प्रस्ताव ८ ची तरतूद राज्यघटनेतून काढून टाकली.