उत्तनच्या वाड्यांतील परदेशी झाडे : नावांची साक्ष

साष्टीच्या वायव्य कोपऱ्यातील धारावी बेटावर (मुंबईतील धारावीशी याचा घोटाळा करू नये) उत्तन, डोंगरी, पाली, चौक ही गावे वसली आहेत. आज ती मीरा-भाईंदर महानगरपालिकेच्या हद्दीत मोडतात. १५३४ च्या तहाने गुजरातच्या बहादूरशहाने वसई व साष्टीचा प्रदेश पोर्तुगीजांस दिला. १७३७ ते १७३९ या काळातील चिमाजी आप्पांच्या मोहिमेने ती सत्ता येथून उखडली. चौकजवळील धारावीचा किल्ला त्या मोहिमेचा साक्षी होय. सत्ता गेली तरी ख्रिस्ती वस्ती राहिली, आणि वाड्यांतील झाडेही राहिली. काजू, पेरू, पपई, सीताफळ, विलायती चिंच ही सर्व मूळची अमेरिका खंडातील. एकेका गावात एकेक झाड केव्हा रुजले हे सांगणारा कागद सहसा नसतो, म्हणून अभ्यासक नावांकडे वळतो. ही साक्ष कितपत ग्राह्य धरावी?

काही ठिकाणी ती निःसंशय ग्राह्य आहे. ब्राझीलमधील तुपी भाषेतला ‘अकाजू’ पोर्तुगीजांनी ‘काजू’ केला व तोच मराठीत स्थिरावला. १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या गार्सिया द ऑर्ताच्या ग्रंथात या झाडाचा उल्लेख नाही. १५७८ मध्ये क्रिस्तोव्हाँव द कोश्ताने मात्र कोचीनच्या बागांतील काजूचे वर्णन केले आहे. येथे शब्द आणि ग्रंथ एकाच दिशेने बोट दाखवितात. अननसाचीही कथा अशीच आहे.

‘पेरू’ या नावाने मात्र चकवा दिला आहे. ते पेरू देशावरून आले, असे सर्रास समजले जाते. परंतु कोकणीत या फळास ‘पेर’ म्हणतात, आणि पोर्तुगीज ‘पेरा’ म्हणजे नासपती. देशनामातील ‘ऊ’ कोकणीने का टाकावा, याचे उत्तर मिळत नाही. उलट लिंबू, काजू यांच्या संगतीने मराठीने ‘पेर’ला ‘ऊ’ जोडला, हे अधिक संभवनीय वाटते.

खरी अडचण सीताफळाची. नाव इतके घरचे की फळ परके आहे हे सांगितले तरी पटत नाही. अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी भारहुतच्या शिल्पांत सीताफळ ओळखल्याचे प्रतिपादन केले. दे कांदोल यांच्यासारख्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी अमेरिकी उगमाचाच पक्ष धरला. अलीकडे प्राचीन स्थळांच्या उत्खननांत या कुळातील बिया मिळाल्याचे दावेही झाले आहेत. त्यांचा निर्णय बिया तपासूनच लागेल. नावाच्या आधारे मात्र काहीच सिद्ध होत नाही. उत्तर हिंदुस्थानात याच फळास ‘शरीफा’ म्हणतात आणि ‘सीताफल’ हे नाव अनेक ठिकाणी लाल भोपळ्यास आहे. तो भोपळाही अमेरिकेचाच! सीतेचे नाव लाभले म्हणून फळ रामायणकाळाचे ठरत नाही. पाहुण्यास घरात घेताना समाजाने त्याचे बारसे केले, इतकाच त्याचा अर्थ. ‘रताळे’ याहून सूक्ष्म उदाहरण आहे. येथे नवे नाव ठेवलेच नाही. ‘रक्तालु’ हे तांबड्या कंदाचे जुने नाव सागरापलीकडून आलेल्या कंदावर सरकविले गेले. शब्द प्राचीन, वस्तू अर्वाचीन.

याच्या उलट चिकू. ‘काजू’शी यमक जुळणारे हे नाव ऐकून तो पोर्तुगीज अमदानीतील असावा असे वाटते. शब्दाचे मूळ मेक्सिकोतील नावाच्या स्पॅनिश रूपात आहे. परंतु उत्तनच्या उत्तरेस असलेल्या घोलवडची प्रसिद्ध चिकूबागायत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरची, म्हणजे फिरंगी सत्ता जाऊन दीडशे वर्षे लोटल्यानंतरची. परकी नावही जुनेपणाचा दाखला नव्हे.

देशी झाडांचाच आग्रह धरणाऱ्यांनी हा भेद ध्यानी घ्यावयास हवा. नावावरून निवड केली तर सीताफळ आत येईल आणि चिकू बाहेर राहील; मूळ भूमी पाहिली तर दोन्ही बाहेर राहतील.

वाडीतील पाहुण्यांना असे मान मिळाले. रानात शिरलेल्यांना मिळाले नाहीत. महानगरपालिकेच्या पूर्वेस संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर आहेत. तेथे पसरलेले लँटाना हे झुडूप एकोणिसाव्या शतकात शोभेसाठी हिंदुस्थानात आणले गेले. लोकांनी पानांच्या उग्र दर्पावरून त्यास ‘घाणेरी’ म्हटले. त्याचे दुसरे नाव ‘टणटणी’. मूळ शब्दाशी असलेले ध्वनिसाम्य मोह पाडणारे आहे. मधली रूपे हाती येईपर्यंत ती व्युत्पत्ती मान्य करता येत नाही.