वेडाचें ‘कारण’ : एका रकान्याचा इतिहास

१. धंतोलींत आज दवाखाना नाहीं अशी गल्ली विरळा. कोणत्याही डॉक्टरसमोर बसावें, तर त्याची एक नजर रोग्याकडे व दुसरी संगणकाच्या पडद्याकडे असते. मनोविकारांच्या चिकित्सेंतही हा प्रघात पडत चालला आहे. रोग्याची झोंप, त्याची भीति, त्याचें औषध, घरच्यांचें म्हणणें, हें सर्व संगणक-आज्ञावलींत, म्हणजे सॉफ्टवेअरमध्यें, भरलें जातें. आणि हजारों रोग्यांच्या अशा नोंदी एकत्र करून पुढील रोग्यास कोणता उपाय लागू पडेल याचा अदमास घेण्याचे यत्न जगभर चालू आहेत. हा विषय इतिहास-संशोधकांच्या त्रैमासिकांत कशासाठीं, अशी शंका कोणी घेईल. तिचें उत्तर असें कीं, वेडाच्या नोंदी आपल्या नागपुरांत दीडशें वर्षांहून अधिक काळ होत आल्या आहेत, आणि अशाच नोंदींवर विसंबल्यामुळें एकदां सरकारची व लोकांची मोठी फसगत झाली होती. ती हकीकत व तिच्यापासून निघणारा बोध येथें मांडण्याचें योजिलें आहे.

२. नागपूरचें राज्य १८५४ त खालसा झालें. १८६१ त मध्यप्रांत निर्माण होऊन नागपूर त्याची राजधानी झाली. पुढें तीनच वर्षांनीं, १८६४ त, येथें वेड्यांचें इस्पितळ स्थापन झालें. तेंच आजचें प्रादेशिक मनोरुग्णालय होय. मध्यप्रांतांत असें दुसरें इस्पितळ जबलपुरास होतें. त्यांचा कारभार १८५८ च्या ३६ व्या कायद्यानें चाले. भटकणाऱ्या वेड्यास पकडून मॅजिस्ट्रेटापुढें उभें करणें हें पोलिसाचें काम, व डॉक्टरचा दाखला घेऊन त्यास इस्पितळांत धाडणें हें मॅजिस्ट्रेटाचें. रोग्याबरोबर त्याच्या माहितीचा कागद येई, व त्यांत इतर रकान्यांबरोबर ‘वेडाचें कारण’ असाही एक रकाना असे. वर्षअखेर या रकान्याची बेरीज होऊन छापील अहवालांत कोष्टक येई. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयानें हे जुने अहवाल आतां संगणकावर खुले केले आहेत, त्यामुळें जिज्ञासूंस ते घरबसल्या पाहतां येतात. कोष्टकें रेखीव आहेत. परंतु बेरीज बरोबर असली म्हणजे मूळ आंकडा खरा असतोच असें नाहीं.

३. त्या काळच्या कोष्टकांत गांजा-भांग हें कारण वारंवार आढळे. गांजा ओढला कीं वेड लागतें, हा समज त्यामुळें सरकारी आधारानें दृढ झाला. १८९३ च्या मार्चांत डब्ल्यू. एस. केन यांनीं विलायतेच्या पार्लमेंटांत प्रश्न विचारला, आणि त्याच वर्षीं जुलैंत हिंदुस्थान सरकारनें चौकशी-मंडळ नेमलें. खांडव्याकडे गांजाची मोठी लागवड होत असल्यामुळें मध्यप्रांतास हा प्रश्न अगदीं घरचा होता. मंडळानें ११९३ साक्षी घेतल्या. पण वेडाच्या प्रश्नावर तें केवळ साक्षींवर थांबलें नाहीं. १८९२ या एका सालीं हिंदुस्थानांतील इस्पितळांत १३४४ रोगी दाखल झाले होते, व त्यांपैकीं २२२ जणांचें वेड गांजा, भांग किंवा चरस यांमुळें लागलें असें नोंदलेलें होतें. मंडळानें हीं उदाहरणें एकेक करून तपासविलीं, रोग्याच्या गांवीं आप्तेष्टांकडे विचारपूस करविली. चौकशीअंतीं या पदार्थांस कारण मानणें रास्त ठरेल अशीं उदाहरणें ९८ च निघालीं. त्यांतही निव्वळ हेंच कारण अशीं ६१, आणि उरलेल्या ३७ त दुसरेंही कारण सोबत होतें. १८९४ च्या अहवालांत हे आंकडे आहेत.

४. ही चूक झाली कशी ? मंडळास आढळलें तें असें. पोलिसास रोग्याचें पूर्ववृत्त ठाऊक नसे. रकाना मात्र भरावाच लागे. मनुष्य गांजा ओढतो असें कोणी म्हटलें कीं तेवढ्यानें रकाना भरे. मॅजिस्ट्रेट तोच शब्द उतरवी. इस्पितळाचा अधिकारी बहुधा जिल्ह्याचा सिव्हिल सर्जन असून त्यास इतर कामांतून सवड थोडी, म्हणून तोही तोच शब्द घेई. शेवटीं तीन दप्तरांत एकच शब्द पाहून वाचणाऱ्यास वाटे कीं तीन साक्षी जुळल्या. आपल्या वाचकांस हा प्रकार नवा नाहीं. एका अशुद्ध मातृकेवरून शंभर प्रती उतरल्या, तरी त्या शंभर साक्षी होत नाहींत. ती एकच साक्ष, आणि तीही खोटी. आजच्या संगणकास लाखों नोंदी शिकविल्या जातात. त्यांत ‘कारण’ किंवा ‘निदान’ हा शब्द कोणी, कोणास विचारून, कोणत्या घाईंत लिहिला हें राखलें नसेल, तर यंत्र पोलिसाचाच शब्द मोठ्या वेगानें उतरवील इतकेंच.

५. उलट उदाहरण आपल्याच वऱ्हाडांत आहे. ऋद्धिपूरच्या श्रीगोविंदप्रभूंस लोक वेडे म्हणत. त्यांच्या लीला म्हाइंभटांनीं संकलित केल्या. तो ग्रंथ डॉ. वि. भि. कोलते यांनीं १९४४ त संपादून प्रसिद्ध केला. त्यांत वेडाचें कारण शोधण्याचा आटापिटा नाहीं. कोठें गेले, काय मागितलें, कोणाशीं काय बोलले, हें जसें घडलें तसें सांगितलें आहे. लीळाचरित्रासाठींही म्हाइंभटांनीं ज्यांनीं पाहिलें-ऐकलें त्यांस गांठून विचारलें. आणि मूळ ग्रंथ नष्ट झाल्यावर तो स्मरणांतून पुन्हा उभा करतांना महानुभावांनीं पाठभेद दडपले नाहींत, ते ‘वासना’ म्हणून शेजारीं ठेविले. भक्तीचा ग्रंथ व रोग्याची नोंद एक नव्हेत, हें उघड आहे. परंतु सांगणाऱ्याचें नांव राखणें आणि न जुळणारें म्हणणें पुसून न टाकणें, हे दोन नियम दोहोंसही सारखेच लागू आहेत. चरकसंहितेच्या विमानस्थानांतही रोगज्ञानाचीं प्रमाणें सांगतांना, कांहीं गोष्टी केवळ रोग्यास विचारूनच कळतात असें स्पष्ट म्हटलें आहे.

६. यावरून यंत्र टाकाऊ आहे असें आम्हांस सुचवावयाचें नाहीं. विचारून केलेली नोंद उपचारास किती साह्य करते याचें उदाहरण गोव्याचें आहे. तेथील ‘संगाथ’ संस्थेनें प्राथमिक आरोग्यकेंद्रांत तीव्र औदासीन्यानें ग्रासलेल्या ४९३ जणांवर केलेला प्रयोग २०१७ त प्रसिद्ध झाला. समुपदेशक डॉक्टर नव्हते. शिकवून तयार केलेलीं सामान्य माणसें होतीं. रोग्याची स्थिति मोजण्यास नऊ प्रश्नांची यादी असे. प्रत्येक प्रश्नास शून्य ते तीन गुण, एकूण सत्तावीस. शेवटचा प्रश्न जीव नकोसा वाटण्याविषयींचा. तीच यादी भेटीगणिक विचारली म्हणजे उपाय लागू पडतो कीं नाहीं हें उत्तरांवरूनच दिसतें. तीन महिन्यांनीं समुपदेशन मिळालेल्यांपैकीं शेंकडा ६४, व इतरांपैकीं शेंकडा ३९, रोगमुक्त आढळले. अशा नोंदी संगणकांत असल्या तर ज्याचे गुण वाढत आहेत, किंवा ज्यानें शेवटच्या प्रश्नास ‘होय’ म्हटलें आहे, त्याच्याकडे लक्ष वेळेवर जातें. यंत्राचा खरा उपयोग हा आहे.

७. दुसरी गोष्ट, नोंदवहींत जो आलाच नाहीं त्याची. जुन्या नोंदवहींत बहुधा पोलिसानें आणलेलाच दिसे. शेतावर राबत मनांत खंगणारा दिसत नसे. आजच्या दवाखान्याच्या संगणकांतही जो दवाखान्याची पायरी चढला तोच असतो. अमरावती जिल्ह्यांतील ३० गांवांत ‘विश्राम’ नांवाचा उपक्रम झाला. तेथें आरंभीं घरोघर पाहणी केली, तेव्हां औदासीन्यानें पीडित असलेल्यांपैकीं शेंकडा ४·३ जणांनींच उपचार घेतलेले आढळले. दीड वर्षानें तें प्रमाण शेंकडा २७·२ झालें. ही वाढ २०१७ त प्रसिद्ध झाली. पहिला आंकडा दवाखान्याच्या दप्तरांतून निघणें शक्यच नव्हतें. तो उंबरठ्यावर जाऊन विचारल्यानें निघाला.

८. आतां संग्राहकांशीं संबंध असलेला प्रश्न. कर्नाटकांत २०२० त ‘ई-मानस’ ही आज्ञावली सुरू झाली. १० ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकाची ‘टेलि-मानस’ सेवा देशभर आहे. म्हणजे मनाच्या दुखण्याच्या नोंदींचा संचय आतां पूर्वीं कधीं नव्हता एवढा होणार. २९ मे २०१८ रोजीं अमलांत आलेल्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानें रोग्याची माहिती गुप्त राखणें बंधनकारक केलें, संगणकांतील माहितीसही तें लागू केलें, आणि २५ व्या कलमानें रोग्यास स्वतःच्या मूलभूत वैद्यकीय नोंदी पाहण्याचा हक्क दिला. १८६४ च्या रोग्यास हा हक्क असता, तर ‘मी गांजा ओढीत नाहीं’ एवढें तरी त्यास म्हणतां आलें असतें. पण मृतांस हा हक्क बजावतां येत नाहीं. त्यांच्या वतीनें तो पाळणें आपल्याकडे येतें. रद्दींतून एखाद्या इस्पितळाची रोगीवही कोणाच्या हातीं लागली, तर ती जपावी, तींतील तारखा, रकाने, आंकडे, उपचार यथामूल छापावे. परंतु नांव व गांव झांकावें. महानुभावांची सकळ लिपी राजवाड्यांनीं उलगडली म्हणून मराठीचें मोठें धन उघडें झालें. रोग्याचें नांव उघड केल्यानें कोणतेंच धन वाढत नाहीं. त्याच्या नातवंडांच्या माथीं मात्र डाग बसतो. नांव द्यावें हा आपला नित्याचा शिरस्ता आहे, तो येथें मोडावा, अशी आमची संग्राहक-बंधूंस विनंति आहे.

९. शेवटीं एक कबुली देणें प्राप्त आहे. शाळामास्तरकींत प्रस्तुत लेखकानें ‘शाळा सोडल्याचें कारण’ हा रकाना शेंकडों दाखल्यांवर भरला. एक हुशार मुलगा एकाएकीं येईनासा झाला. त्याच्या दाखल्यावर ‘घरगुती अडचण’ असें लिहून मीं सही केली. तो महिनोन्‌महिने खोलीबाहेर पडत नव्हता व कोणाशीं बोलत नव्हता, हें पुष्कळ वर्षांनीं कळलें. माझें अक्षर वळणदार होतें, रकाना रिकामा नव्हता, आणि तपासनिसानें कधीं हरकत घेतली नाहीं. त्याचें घर शाळेपासून दोन गल्ल्यांवर होतें; मीं विचारावयास गेलों नाहीं.

धंतोली, नागपूर.