कुंडीतला गुलाब खरा नसतो?

हेडफोन लावलेत ना? आजची गोष्ट माजिवड्यातून निघते आणि थेट चीनला पोचते.

आमचं गावठाणातलं बैठं घर दिवाळीनंतर पुनर्विकासाला जाणार. सामानाचं ठरलंय. अडलंय ते अंगणातल्या गावठी गुलाबापाशी. मी म्हटलं, कुंडीत लावू. आजी म्हणाली, "कुंडीत गुलाब जगतो रे, नांदत नाही."

आता आजीचं चुकतंय असंही नाही. जमिनीत मुळं खोल जातात, ओलावा शोधतात. एप्रिलात एखाद दिवस पाणी चुकलं तरी झाड तगतं. कुंडीत माती थोडी, ती उन्हात लगेच तापते. रोज पाणी घालावं लागतं आणि त्या पाण्याबरोबर खतही खालच्या भोकातून वाहून जातं.

पण इतिहास काय सांगतो, बघा. अठराव्या शतकाच्या शेवटापर्यंत युरोपातले बहुतेक गुलाब वर्षातून एकदाच बहरायचे. चीनमधले मात्र पुन्हा पुन्हा फुलायचे. कॅंटनजवळच्या 'फा ती' रोपवाटिकांमध्ये (नावाचा अर्थच फुलांची जमीन!) परदेशी व्यापारी रोपं विकत घ्यायचे. मग महिनोन्‌महिने जहाजाचा प्रवास, खारा वारा आणि गोडं पाणी मोजकंच. कितीतरी रोपं वाटेतच मेली. काही कोलकात्याच्या, १७८७ साली सुरू झालेल्या बोटॅनिकल गार्डनमध्ये विसावून पुढे गेली. म्हणून तर फ्रेंच लोक या गुलाबाला चक्क 'बंगाल गुलाब' म्हणायचे!

१७९२च्या सुमारास लाल चिनी गुलाब इंग्लंडला पोचला, १८०९ मध्ये चहासारख्या वासाचा फिकट गुलाबी, १८२४ मध्ये पिवळा. त्यांचे युरोपातल्या गुलाबांशी संकर झाले. १८६७ मध्ये फ्रान्समधल्या ल्यों शहरात गियो यांच्याकडे 'ला फ्रान्स' फुलला. हायब्रिड टी घराण्यातला पहिला गुलाब तोच मानतात. आपल्या फुलवाल्याकडचा लाल 'ग्लॅडिएटर' त्याच घराण्यातला.

म्हणजे जमिनीत तोऱ्यात उभा असलेला आजचा बारमाही गुलाब कधीतरी बोटीवर, मूठभर मातीत तग धरून आलाय.

आणि आपल्या ठाण्याचा पाऊस? गुलाबाच्या मुळांशी पाणी साचलं की ती कुजतात. जमीन तुंबली तर झाड हलवता येत नाही. कुंडी मात्र उचलून वळचणीला ठेवता येते.

हे सगळं आजीला सांगितलं. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ऑक्टोबरच्या छाटणीत पेन्सिलीएवढ्या जाड काड्या काढ, कुंड्यांत लाव. एक मात्र नव्या बिल्डिंगच्या बागेत, जमिनीत."

मी नकाशा काढून दाखवला. बाग पोडियमवर, खाली पार्किंगचा स्लॅब. त्यावर दोन-तीन फूट माती.

आजी हसली. "म्हणजे तीही कुंडीच की! फक्त मोठी."

काड्या सहा लावणार आहोत. तुमच्याकडे जमीन की कुंडी? नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!