परत न गेलेले प्रदर्शन

नवी दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयाचा जन्म एका पाहुण्या प्रदर्शनातून झाला, हे ठाऊक आहे का?

१९४७-४८च्या हिवाळ्यात लंडनच्या रॉयल ॲकॅडमीत भारतीय कलेचे प्रदर्शन भरले. त्यासाठी भारतातील अनेक संग्रहालयांनी आपल्या मूर्ती व चित्रे उसनी दिली होती.

मायदेशी परतल्यावर, ती आपापल्या ठिकाणी जाण्यापूर्वी, १९४८मध्ये आजच्या राष्ट्रपती भवनात मांडली गेली. हा ठेवा पुन्हा विखुरू नये, असा विचार बळावला. १५ ऑगस्ट १९४९ रोजी चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते तेथेच संग्रहालयाचे उद्घाटन झाले. १९६०मध्ये ते जनपथावरील स्वतःच्या वास्तूत गेले.

राष्ट्राला एकत्रित वारसा लाभला. मात्र दिल्लीत राहिलेली मूर्ती पाहण्यासाठी तिच्या मूळ गावच्या माणसाला राजधानी गाठावी लागते. म्हणून तेथील दालनांत फिरताना फलकावरील प्राप्तिस्थान अवश्य वाचावे.