मुक्या बैलाची फिर्याद

पुणे जिल्ह्यातील खेड, आंबेगाव, जुन्नर या तालुक्यांत जत्रा म्हटली की बैलगाड्यांची शर्यत ही आलीच. चढावर आखलेल्या धावमार्गाला तिकडे घाट म्हणतात. शेतकरी शर्यतीचा खिल्लार बैल पोटच्या पोरासारखा वाढवतो, हे खरे. त्याच बैलाला घाटात चाबकाचा व पराणीचा मार बसे, हेही तितकेच खरे. हा तंटा थेट दिल्लीपर्यंत गेला.

त्याचे मूळ १९६० च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्यात आहे. हा कायदा सरकारला आपणहून सुचलेला नव्हता. राज्यसभेच्या नामनियुक्त सदस्या, विख्यात नर्तकी रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी खासगी विधेयक मांडले. पंडित नेहरूंनी सरकारी विधेयकाचे आश्वासन दिले, तेव्हा त्यांनी ते मागे घेतले. कायदा झाला, परंतु पहिल्या गुन्ह्याला दंड ठरला तो अवघा १० ते ५० रुपये! एवढ्याने कोणाचा चाबूक थांबणार?

११ जुलै २०११ रोजी केंद्र सरकारने वाघ, सिंह, अस्वल, माकड यांच्या पंगतीत बैलाला बसवले. ज्यांचे खेळ करण्यास मनाई आहे, अशा प्राण्यांची ती यादी. पुढे ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तामिळनाडूतील जल्लिकट्टूबरोबर महाराष्ट्रातील शर्यतीही बंद केल्या. बैलाची शरीररचना घोड्यासारखी धावण्यासाठी नाही, हा युक्तिवाद न्यायालयाला पटला होता.

मग गाडामालकांनी विधिमंडळाचे दार ठोठावले. संसदेत एका स्त्रीने चोखाळलेलीच ही वाट, पण आता तिच्यावरून मतदारांचा जथा चालला होता. २०१७ मध्ये राज्याने दुरुस्ती करून शर्यतींना मुभा दिली. गंमत अशी की, शर्यतीत बैलाला वेदना दिल्यास ५ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा ३ वर्षांपर्यंत कैद, हे कलम याच दुरुस्तीत आले. संरक्षणाच्या मूळ कायद्याला जे जमले नव्हते, ते मुभेच्या कायद्याने केले! नियमांनी धावमार्गही १००० मीटरच्या आत आणला.

एका पुणेकराच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने त्याच वर्षी शर्यती रोखल्या. १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांना अंतरिम परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ही दुरुस्ती वैध ठरवली. मात्र अटींचे काटेकोर पालन करवून घेण्याची जबाबदारी त्याच निकालाने जिल्हाधिकाऱ्यांवर व संबंधित अधिकाऱ्यांवर टाकली आहे.